तिन्ही एकाच पेनड्राइव्हवर

धानोरा, सोमवार. ऑक्टोबर २००९, संध्याकाळ

झालं एकदाचं! एकाच पेनड्राइव्हवर एक्सपी, व्हिस्टा आणि लिनक्स, तिन्ही सिस्टिम. आता गावोगावी कॉम्प्युटर दुरुस्तीला जाताना सीड्यांची थैली न्यायला नको. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला की तीन नावांचा मेनू येतो, दहा सेकंद थांबतो, आणि कोणी बटण दाबलं नाही तर आपणच एक्सपीत शिरतो.

पण दाखवू कोणाला? कल्पना सुधाकरची. दुकानही दोघांचं होतं, तो नोकरीसाठी पुण्याला जाईपर्यंत. फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे रे, नंतर बोलू." झालं.

मग शेजारच्या शेवंताबाईंना हाक मारली. त्यांनी मेनूकडे पाहिलं न पाहिलं केलं.

"मंग ह्या सीड्या काऊन ठेवता भाऊ? मले द्या. धानावर पाखरं बसून राह्यले, दोरीले बांधीन, चमकल्या का उडतीन."

देऊन टाकल्या. प्रत्येकीवर सुधाकरचं मार्करनं लिहिलेलं अक्षर होतं. आता ते पाखरं वाचतील.

बाई गेल्यावर मेनू पुन्हा लावला आणि मुद्दाम हात मांडीवर ठेवून बसलो. दहा, नऊ, आठ... मी समोर असून तो एक्सपीत निघून गेला. असा राग आला! दहा सेकंद कोणी काही बोललं नाही, म्हणून काय लगेच निघून जायचं?

मेनूची फाइल उघडली आणि दहा सेकंदांची ती ओळच काढून टाकली.

आता कोणी बटण दाबेपर्यंत तो थांबून राहील.