चाळीस मनांचं पार्सल

२७ ऑगस्ट २०१२, सोमवार. चिचगड.
ही डायरी एक तारखेपासून लिहायची होती. कबूल. वर 'फील्ड डायरी' छापलंय, आत सूचना आहे की रोज लिहावी. पण आधी पेन चांगला नव्हता. पेन घ्यायला देवरीला गेलो तर तिथं कोंबड्यांची झुंज लागलेली. मग पेन मिळाला, पण मूड नव्हता. आज दोन्ही आहेत.

आधी कामाचं. दोन विद्यापीठं मिळून कॉलेजच्या पोरापोरींच्या मनाचा अभ्यास करून राहिली. एक नागपूरचं. दुसरं लांबचं, त्यांचे लोक फक्त कॉम्प्युटरवर दिसतात आणि मान हलवतात. पैसा दिल्लीचा. त्यात मी, भुवनेश्वर, फील्ड इन्व्हेस्टिगेटर. ताईला वाटते सीआयडीत लागलो. मी दुरुस्त केलं नाही.

काम सोपं आहे. चिचगडच्या कॉलेजातले वीस, केशोरीचे वीस, एकेकाला समोर बसवून सत्तावीस प्रश्न विचारायचे. तीस सप्टेंबरच्या आत फॉर्म नागपूरला. ते पोचले की दिल्लीहून दुसरा हप्ता सुटेल, आणि त्यातून इथल्या कॉलेजात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बाई येतील.

रोज आठ फॉर्म. पाच दिवसांत खल्लास. बाकीचा महिना फिरणे.

ट्रेनिंग नागपूरला झालं. ललिता मॅडम प्रोजेक्टच्या प्रमुख, आवाज मऊ, पण दोन तास झाले की कोणालाही चहा लागतोच. मी चहाला निघालो आणि चालता चालता प्राणिसंग्रहालय लागलं. वाघ पिंजऱ्यात येरझारा घालत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत आलो तर सगळे सतरंज्या गुंडाळून राहिले होते. एक शब्द मात्र पक्का डोक्यात आहे, गोपनीय. कोणाचं कोणाला सांगायचं नाही. म्हणून ही डायरीही कोणाला दाखवणार नाही.

२८ ऑगस्ट, मंगळवार.
आठ ठरले होते, झाले शून्य. अर्धी पोरं निंदणाला धानाच्या बांधीत, अर्धी कॉलेजमागे क्रिकेट खेळत होती. अभ्यास करायचा तर विद्यार्थ्यांमध्ये मिसळावं लागते, म्हणून दोन ओव्हर टाकल्या. तीन तास गेले.

संध्याकाळी एक मुलगी आली. दीप्ती, बीए फायनल, होस्टेलला राहते. मला सर म्हणाली. (सर!) फॉर्म काढला तर म्हणे, सर, फॉर्म मागून भरू, त्या बाई कवा येतात ते सांगा. तिच्या रूममधली पोरगी तीन आठवड्यांपासून जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडली राहते. घरचे एकदा येऊन अंगारा लावून गेले. दीप्ती म्हणे, मी रोज तिच्यासमोर ताट ठेवतो आणि रोज उचलतो, माह्या हातून आता होत नाही, सर.

मी सांगितलं, एक ऑक्टोबर, सोमवार, बाई हजर. शब्द दिला.

शब्द दिला की अंगात कसं बळ येते. उद्यापासून दहा.

३ सप्टेंबर, सोमवार. दरेकसा.
केशोरीला निघालो होतो. देवरीच्या स्टँडवर गाडी लागायला वेळ होता, बाजूला आमगावची लागलेली. खिडकीची जागा रिकामी होती. पुढचं आपोआप झालं.

इथलं स्टेशन लहान आहे, पण सगळ्या मोठ्या गाड्या इथूनच जातात. थांबत नाहीत ते वेगळं. डोंगरातून निघतात, धडधडत येतात, डोंगरात जातात. बाकड्यावर बसलं की डोक्यातला आवाज त्या आवाजात बुडून जातो. सर्वेक्षणात याला निरीक्षण म्हणतात.

चहावाला मनिराम ओळखतो. बीएस्सी सेकंड इयर सोडलं तेव्हापासून येतो इथं. म्हणाला, काऊन जी, अजून नाई गेले का कुठं? मी म्हणालो, जाऊनच आलो, रायपूर, बालाघाट, सुरत. म्हणे, मंग वापस कायले येता? त्याचा प्रश्न चांगला आहे. प्रश्नावलीत टाकायला हवा होता.

७ सप्टेंबर, शुक्रवार. चिचगड.
चार दिवसांनी घरी. ताईनं चारही दिवस माझं ताट वाढून ठेवलं होतं म्हणे. पाचव्या दिवशी नाही ठेवलं आणि मी पाचव्या दिवशी आलो.

भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर ओमेश्वर, कॉलेजात लॅब अटेंडंट आहेत. नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली, हे ते दिवसातून दोनदा सांगतात. आज तिसऱ्यांदा सांगितलं. मग मोटरसायकलची चाबी काढून घेतली. म्हणाले, सालेसाहेब, लोकायच्या मनाचा ठेका घेतला आणि स्वतःचे पाय नाई आवरत. मोठ्या माणसांचा गैरसमज होतो कधी कधी.

फॉर्म: शून्य. पण पार्श्वभूमी तयार झाली.

१५ सप्टेंबर, शनिवार.
आठ दिवस याच गावात. घर, कॉलेज, पानठेला, घर. पानठेल्यापासून कॉलेजच्या गेटपर्यंत दोनशे अकरा पावलं आहेत, येताना दोनशे आठ. कारण शोधून राहिलो.

दोन फॉर्म सुरू केले होते. पहिला पोरगा तिसऱ्या प्रश्नाला रडायला लागला. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि त्याला भजे खाऊ घातले. दुसऱ्यानं विचारलं, याचे मार्क भेटतात का? नाही म्हटल्यावर गेला.

दीप्ती दिसली की मी लायब्ररीच्या मागून जातो. टाळत नाही, तो रस्ता सावलीचा आहे. आज तिथंच उभी होती. म्हणे, सर, एक तारीख ना? हो म्हणालो. तिनं बोटावर दिवस मोजले. मैत्रीण आता पाणीही कमी पिते म्हणाली.

ठरलं. सोमवारपासून रोज सहा.

२५ सप्टेंबर, मंगळवार. प्राणिशास्त्राची लॅब, दुपारी १२.
कैदेत आहे. अतिशयोक्ती नाही. भाऊजींनी बाहेरून कुलूप लावलं. म्हणाले, चाळीस फॉर्म आणि तू, पाच वाजता उघडीन, पाणी त्या मटक्यात आहे, बाहेर दिसला तर ताईले सांगून पोळी बंद करीन.

मी म्हणालो, अहो, पोरं कुठून आणू? सगळी देवरीला कबड्डीच्या स्पर्धेला गेली. भाऊजी म्हणाले, ते मले नाई मालूम, आणि गेले.

बरण्यांमधले बेडूक बघून राहिले. खिडकीला गज आहेत. ट्रेनिंगमधला वाघ आठवला.

दुपारी १.
विचार केला. अभ्यास कशाचा? विद्यार्थ्याच्या मनाचा. मी विद्यार्थी होतो. मन आहे. कॉलेजच्या पोरांना मी जेवढा ओळखतो तेवढं दिल्लीवाले ओळखत नाहीत. मग प्रत्येकाला त्रास कशाला द्यायचा? फॉर्मवर नावही नाही, नुसता नंबर.

चार पेन आहेत. डाव्या हातानंही लिहिता येते.

सायंकाळी ४.४०
चाळीसच्या चाळीस. इतका वेळ एका जागी मी आयुष्यात बसलो नव्हतो. आणि पटापट झाले हो! झोप लागते का? नाही, बहुतेक दिवस. कशात मन रमते का? थोडा वेळ. आपण घरच्यांना निराश केलं असं वाटते का? जवळपास रोज. नवव्या प्रश्नाशी जरा थांबलो. आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटते का? 'कधीच नाही'वर टिक केली असती तर खोटं वाटलं असतं, म्हणून सगळ्यांना 'काही दिवस' दिलं. असं कोणाला वाटत नाही?

एकवीस नंबरला लिहून उत्तर द्यायचं होतं: मन भरून आलं की तुम्ही काय करता? तिथं मी मेहनत घेतली, प्रत्येकाची भाषा वेगळी केली. कोणी स्टेशनवर जाऊन बसतो, कोणी गाड्या पाहते, केशोरीच्या एका मुलीला धडधड आवाज आवडतो.

भाऊजींनी कुलूप उघडलं, गठ्ठा पाहिला, पाठीवर थाप मारली. म्हणाले, पाहा, बांधून ठेवलं का तू सोन्यासारखा आहेस. जेवताना ताईनं तूप वाढलं. मला घास गेला नाही. थकवा असेल.

२६ सप्टेंबर, बुधवार.
एसटीनं पार्सल पाठवलं. निघताना दीप्ती धावत आली, स्वतःचा फॉर्म भरून, लिफाफा चिकटवून. तिनं तो कोरा फॉर्म माझ्याकडून कधी नेला ते आठवत नाही. म्हणे, सर, एकेचाळिसावा घ्या. मी उघडला नाही, तसाच टाकला. गोपनीय म्हणजे गोपनीय. या प्रोजेक्टमध्ये नियम पाळणारा मी एकटाच असेन.

१ ऑक्टोबर, सोमवार.
दीप्ती सकाळी दहापासून गेटवर बसली होती. सोबत मैत्रीण, शाल पांघरून, भिंतीला टेकून. तिला होस्टेलमधून बाहेर आणायला दीप्तीला दोन दिवस समजवावं लागलं म्हणे. मी पानठेल्याच्या आडून पाहिलं. देवरीची गाडी आली, गेली. दुपारची आली, गेली. चार वाजता दोघी उठल्या.

सरकारी काम आहे, एखाद दिवस इकडेतिकडे होतो. दीप्ती मला शोधत होती, पण मी पावलं मोजून राहिलो होतो.

३ ऑक्टोबर, बुधवार.
भाऊजींच्या मोबाइलवर फोन, स्वतः ललिता मॅडमचा. मला वाटलं अभिनंदन. म्हणाल्या, पार्सल आज उघडलं. नवव्या प्रश्नाला 'काही दिवस' लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी मला फोन करायचा, हे ट्रेनिंगला सांगितलं होतं ना? (वाघ.) इथं चाळीस आहेत, भुवनेश्वर. आणि चिचगड-केशोरीची चाळीस पोरं मन भरून आलं की एकाच स्टेशनवर कशी काय जाऊन बसतात?

मी म्हणालो, ते गोपनीय आहे मॅडम.

मग म्हणाल्या, हे फॉर्म मी पुढे पाठवू शकत नाही, दुसरा हप्ता थांबेल. मग विचारतात, तू आत्ता कुठे आहेस? जेवलास का? घरी कोण आहे तुझ्यासोबत? इतक्या मोठ्या बाई आणि असले प्रश्न. भाऊजींना फोन मागितला. भाऊजी नुसतं हो जी, हो जी करत राहिले. मग मला वाटलं आता ओरडतील, तर अंगणात जाऊन बसले. मोटरसायकलची चाबी खिडकीत ठेवून दिली.

संध्याकाळी होस्टेलपर्यंत गेलो. दीप्तीला सांगितलं की बाई येणार नाहीत, हप्ता अडकला. का अडकला ते नाही सांगितलं. ती म्हणाली, बरं दादा. सर नाही म्हणाली.

४ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ९.
निर्णय झाला. साडेनऊची गाडी, देवरी, आमगाव, दरेकसा. तिथून पहिली जी थांबेल ती. पळून जाणे वेगळं, हा प्रवास आहे. पिशवीत दोन शर्ट आणि ही डायरी. ताईला चिठ्ठी लिहून राहिलो: माझं ताट वाढून ठेवू नको.

९.१०
दारात जीप थांबली. पोलीस असतील. न्हाणीत येऊन कडी लावली, इथूनच लिहून राहिलो.

पोलीस नाहीत. ललिता मॅडम आहेत. पहाटे चारला निघाल्या म्हणे. होस्टेलला जाणार होत्या, एकेचाळीस नंबरसाठी, म्हणजे दीप्तीच्या लिफाफ्यासाठी, तिथं सांगून ठेवलं आहे, पण आधी इथं आल्या. ताईनं घाबरून विचारलं, चाळीस पोरायले एकट्या कशा पाहाल जी? मॅडम म्हणाल्या, चाळीस नाहीत, एकच आहे.

चिठ्ठी खाटेवरच राहिली, ताईनं वाचली असेल.

आता कडी वाजवून राहिली. म्हणते, भुवन, बाहेर ये रे. नागपूरच्या मॅडम आल्या. फॉर्मसाठी नाई म्हणतेत. तुयासाठी आल्या.