अंत नसलेलं पाणी

प्रिय वहिनी,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस, बस. आणि पूर्ण वाचल्याशिवाय आईंना काही सांगू नकोस. उद्या सोमवारी सकाळी दहा वाजता आपले धर्मगुरू, रब्बी, आणि त्यांच्याबरोबर न्यायाला बसणारे आणखी दोघे, अशा तिघांसमोर मी साक्ष द्यायला जाणार आहे. मी जे सांगेन त्यानं तू मोकळी होशील. पाच वर्षं तू ज्या गाठीत अडकली आहेस ती गाठ माझ्यापाशी होती, आणि मी तोंड मिटून दर शुक्रवारी तुझ्याच घरी जेवत होतो. त्या तिघांच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून लिहायला बसलो. समोर येऊन बोलायचं धाडस माझ्यात नाही. न्हाव्यालाही जरा कमी काप म्हणायला मला जमत नाही, हे तूच सगळ्यांना हसून सांगतेस.

आज दुपारी समुद्रावर जाऊन आलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. तुला आठवतं ना, बदकाची काय तक्रार असायची? (तुझ्या नवऱ्याला सगळं गाव बदक म्हणायचं, मी आता दुसरं काय म्हणू!) समुद्र पाहिला की म्हणायची एक प्रार्थना आहे, ज्यानं हा महासागर केला त्याची स्तुती. पण ती तीस दिवसांत समुद्र पाहिला नसेल तरच म्हणायची. हा पठ्ठ्या रोज सकाळी पाण्यात, मग त्याला ती म्हणायला मिळणार कधी? पायाचं हाड मोडून महिनाभर घरी पडला तेव्हा बाकी सगळे हळहळत होते आणि हा भिंतीवर दिवस मोजत होता. एकतिसाव्या दिवशी कुबड्या घेऊन वाळूत गेला आणि इतक्या जोरात ती प्रार्थना म्हटली की दोन कुत्री पळाली. आज ती मी म्हटली. एक ओळ आहे, पण माझ्या तोंडात दोनदा अडखळली. लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या बनवायचं काम सोडून मी लोकांच्या दारा-खिडक्यांना रंग देतो, खाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून चालतो, त्यामुळे माझा तरी तीस दिवसांचा हिशेब चोख होता.

त्याला पाण्यात बसून शास्त्र सुचायचं. कारखान्यात मी फळी घासायचो, तो तिच्यावर चिकट रेझिनचा थर ओतायचा, आणि तोंडाचा पट्टा सुरू. लाटा झुंडीनं येतात आणि मग बराच वेळ पाणी सपाट राहतं. इतर लोक त्या सपाट वेळात कंटाळतात, शिव्या देतात. तो म्हणायचा, हाच शब्बाथ आहे, आठवड्याचा सातवा, विसाव्याचा दिवस, काहीही न करता बसायचं, फक्त बुडायचं नाही. सहा लाटांवर तो स्वार व्हायचा आणि सातवी सोडून द्यायचा, ती मालकाची म्हणून. कधीकधी ती सातवीच सगळ्यात देखणी असायची. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, वाटतं तर! नको असलेली लाट सोडायला काय अक्कल लागते? आणखी एक सांगायचा. आपल्या हिब्रूत पश्चात्तापाला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ नुसता परत येणं असा आहे. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलास तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नकोस, दमून मरशील. आधी आडवा जा, ओढ कमी झाली की मग किनाऱ्याकडे वळ. माणूस परत येतो तो असाच वाकड्या वाटेनं, असं त्याचं म्हणणं. मी पाच वर्षं आडवाच पोहतोय, वहिनी. पण त्याचं नाव घेऊन मी स्वतःला सवलत देणार नाही. ओढ केव्हाच कमी झाली होती, मीच वळलो नाही.

आता त्या सकाळचं. पोलिसांना, तुला आणि त्याच्या आईंना मी एकच सांगितलं, की तो लाटेखाली गेला आणि मला दिसेनासा झाला. पहिला अर्धा भाग खरा आहे. तो दुसऱ्याच लाटेवर गेला, सातवीपर्यंत पोचलाही नव्हता, तेव्हा त्यात कुणी धडा शोधू नये. पण तो मला नंतर दिसला. तासाभरानं, टोकाच्या खडकांखाली, दोन दगडांच्या फटीत, तोंड वर करून. मी त्याच्याजवळ गेलो. त्याचा चेहरा हातात धरला. डाव्या भुवईवरची ती जुनी खूण, वाकडं नाक, सगळं पाहिलं. कपाळाच्या वर मोठी जखम होती, तिच्यातून रक्त यायचंही थांबलं होतं. मी त्याच्या तोंडाशी कान लावला, मानेवर बोटं ठेवली, हाका मारल्या. तो गेला होता, वहिनी. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मी त्याच्या रबरी कपड्याची कॉलर मुठीत धरली आणि दगडाला चिकटून राहिलो. एक झुंड गेली, दुसरी गेली. तिसरीत माझा खांदा निखळला आणि मूठ उघडली. खरं लिहायचं तर, मी उघडली. धरून ठेवली असती तर मीही गेलो असतो, असं डॉक्टर म्हणतील, तूही म्हणशील. पण मेलेल्याला मातीत ठेवणं हे आपल्यात सगळ्यात मोठं पुण्य, कारण तो त्याची परतफेड करू शकत नाही. आणि मी माझ्या मित्राला पाण्यात सोडून आलो. किनाऱ्यावर आईंनी मला विचारलं, दिसला का रे? मी नाही म्हणून मान हलवली. एकदा हललेली मान मग पाच वर्षं हलतच राहिली.

पहिले दोन महिने मला वाटलं, खोटं बोललो तरी कुणाचं काय बिघडतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग रब्बी तुमच्याकडे आले आणि दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी तुला तो नियम समजावला, तेव्हा मी तिथेच माझे भिजलेले मोजे वाळत घालत होतो. पाणी दोन प्रकारचं. तळ्याचे चारी काठ दिसतात, ते अंत असलेलं पाणी. त्यात माणूस बुडून वर आला नाही तर बायको विधवा. समुद्राला अंत नाही. त्यात बुडालेला कुठल्या तरी न दिसणाऱ्या किनाऱ्याला लागला असेल, असंच धरायचं, आणि बायकोनं बांधलेलं राहायचं. कुणी मेलेला चेहरा पाहिला असेल तरच सुटका. रब्बींचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला विचारलं, तू काही पाहिलंस का, नीट आठव. हातातला ओला मोजा पिळत मी म्हणालो, नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; त्या दिवसापासून तुझ्या घरात कुणी नुसतं खोकलं तरी मी दचकतो.

आई अजून शुक्रवारी त्याचं ताट मांडतात. तू दोन मेणबत्त्या लावतेस, डोळ्यांवर हात धरतेस आणि बराच वेळ काढत नाहीस. त्या हातांमागे तू काय मागतेस, याचा मी किती वेळा विचार केला असेल! परवा ताटं पुसता पुसता तू सहज म्हणालीस, की भूगोलाचे मास्तर या महिन्याअखेर दुसऱ्या गावी बदली घेऊन चालले, त्यांना आणखी थांबायला सांगायचा मला काय हक्क? आणि पुसून झालेलंच ताट पुन्हा पुसायला लागलीस. दोन वर्षं तो माणूस तुझ्यासाठी थांबला. चष्म्याला काही झालेलं नसताना आठवड्यातून एकदा तुझ्या दुकानात काड्या घट्ट करून घ्यायला येतो. त्या काड्या आता हातोडीनं सुटायच्या नाहीत. मी त्याच्यात खोट काढायचा मनापासून प्रयत्न केला. पायमोजे भलत्या रंगाचे घालतो, एवढंच सापडलं. तू ते ताट चौथ्यांदा पुसलंस तेव्हा मी उठलो आणि न जेवता गेलो. तुला वाटलं, माझं पोट बिघडलं.

उद्या ते मला उलटसुलट विचारतील. चेहरा पाहिलास का? नाक पाहिलंस का? किती वेळ? मग पाच वर्षं काय करत होतास? शेवटच्या प्रश्नाला मी घाबरतो. त्यांनी मला खोटारडा म्हणून हाकलून दिलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून आज खडकांपर्यंत जाऊन आलो, फट किती रुंद, मी कुठे उभा होतो, सगळं पुन्हा पाहून आलो, म्हणजे उत्तर चाचरत नको जायला. सकाळी आठ वाजता मी घरी येईन. आईंना मीच सांगेन, तू नाही. त्यांनी मारलं तर मारू देत. तुला माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर बोलू नकोस, फक्त मास्तरांना आजच निरोप धाड की पेटी बांधायची घाई करू नका.

गप्प राहण्याचं जे कारण मी वर सांगितलं ते पहिल्या दोनच वर्षांना पुरतं, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. ती लाजेत गेली. उरलेल्या तीन वर्षांची गोष्ट वेगळी. खोटं न उघडता तुला सोडवायची काही पळवाट मिळते का, हे पाहायला मी रब्बींच्या कपाटातली जुनी पुस्तकं चाळत होतो. त्यात सापडलं, की अशा कामी एकच साक्षीदार पुरतो. आणि आणखी काही पानं उलटली तर एक ओळ होती. ज्याच्या एकट्याच्या शब्दावर बाई मोकळी होते, त्यानं तिच्याशी लग्न करायचं नाही. लोक म्हणतील, तिच्यासाठीच साक्ष दिली. मी ते पुस्तक मिटलं आणि तेव्हाच मला कळलं की ती ओळ मला का लागली. म्हणजे बोललो तर तू जगात कुणाचीही होऊ शकतेस, फक्त माझी नाही. गप्प राहिलो तर तू कुणाचीच नाहीस, पण शुक्रवारी मला वाढतेस. तीन वर्षं मी ते वाढणं निवडलं. मला तू आवडतेस, हे इतकं साधं वाक्य आहे आणि ते लिहायला मला इतकी पानं लागली. याचं उत्तर नको आहे. उद्या दहानंतर मी तुझा साक्षीदार, आणि पत्राखाली लोक जो शब्द सहज लिहून टाकतात तो मला पुन्हा कधी लिहिता येणार नाही. आजचा दिवस अजून माझा आहे, म्हणून तो एकदा लिहून घेतो.

तुझाच