एक घर, एक दाणा

मी, एमेट लॉयड ग्रिग्स्बी, वय वर्षे पंच्याऐंशी, पूर्वीचा धंदा गुरांच्या खाद्याचे दुकान, हल्लीचा धंदा ओसरीवर बसणे, राहणार प्लम ग्रोव्ह, राज्य मिझुरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवून, लालूच दाखवून किंवा गोडगोड बोलून हे माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. माझ्याशी गोडगोड बोलणारे फारसे कोणी उरलेलेही नाही.

दोन वर्षांपूर्वी वकीलबाईंकडून टाईप करून घेतलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मला इडेलाशेजारी पुरावे असे एक वाक्य होते. इडेला म्हणजे माझी बायको, २००७ च्या ऑक्टोबरात वारली. ते वाक्य मी गेल्या नोव्हेंबरात शाईने खोडले. ते पुन्हा लिहायचे की नाही, खरे तर एवढ्यासाठीच हा कागद घेऊन बसलो आहे. बाकीचे आधी उरकून घेतो.

कलम पहिले. राहते घर आणि मागची परसबाग माझा मुलगा वेंडेल याला द्यावी. वेंडेल कॅन्सस सिटीला असतो. घर विकू नये अशी अट मी घालत नाही, कारण तो ते विकणारच आणि मेल्यावर खोटे पडायची मला हौस नाही. बँकेत जे असेल त्यातले निम्मे त्याला, निम्मे गावच्या अग्निशामक मंडळाला. मंडळाने नवीन पाइप घ्यावा. जुना गळतो, हे मी पंधरा वर्षे सांगत आलो आहे.

कलम दुसरे. दुकानातला मोठा वजनकाटा शेजारी रॉइस टटल याला द्यावा. काटा बरोबर वजन करतो, रॉइसला तेवढेच नवीन वाटेल. पोती ओढायचे आकडे, हातगाडी आणि पत्रा कापायची कात्री ज्याला हवी त्याने न्यावी. रॉइसने कात्रीला हात लावू नये. १९८३ साली नेलेली त्याने अजून परत केलेली नाही, मला दुसरी घ्यावी लागली.

कलम तिसरे, दुकानातल्या मधल्या खांबाविषयी. हा खांब ओक लाकडाचा आहे आणि त्यावर अठ्ठावीस खाचा आहेत. पहिली खाच माझ्या आजोबांनी १९०४ साली मारली. त्याआधी मिझुरी कित्येक निवडणुका डेमोक्रॅटांच्या गोठ्यात बांधलेली होती. त्या साली तिने दावे तोडले, रिपब्लिकनांकडे गेली, आणि देशही तिकडेच गेला. आजोबांना त्याची आधीच कुणकुण लागली होती, कारण मतदानाच्या आधीच्या शनिवारी त्यांनी दुकानात दाणे मोजले होते.

पद्धत अशी. दुकानात झाकणाचा दुधाचा मोठा डबा ठेवायचा, झाकणाला फट. शेजारी दोन ताटल्या, एकीत पांढरा मका, एकीत पिवळा. पांढरा रिपब्लिकनांचा, पिवळा डेमोक्रॅटांचा. खाद्य न्यायला येणाऱ्या घरातल्या कर्त्या पुरुषाने मुठीत एक दाणा घ्यायचा, मूठ फटीवर धरायची आणि सोडायची. डब्यावर आजोबांनी पत्र्याची पाटी ठोकली होती, ‘एक घर, एक दाणा’. शनिवारी डबा उपडा करून मोजणी. डब्याने सांगितलेला माणूस देशाचा अध्यक्ष झाला की खांबावर सरळ खाच, नाही झाला तर तिरपी.

१९०४ पासून २००४ पर्यंत मिझुरी राज्य एकदाच चुकले, १९५६ साली. आमचा डबाही त्याच साली चुकला. बाकी पंचवीस वेळा मिझुरीने ज्याला निवडले त्यालाच देशाने निवडले, आणि आमच्या डब्याने ते शनिवारीच सांगितले. टीव्हीवाले यायचे. खांबापाशी उभे करून मला विचारायचे, हे कसे काय साधते? मी म्हणायचो, प्लम ग्रोव्हचा पुरुष कमी बोलतो आणि सगळे बघतो. हे वाक्य मी चार वेगवेगळ्या कॅमेऱ्यांपुढे बोललो आहे. सापडल्यास त्या फिती जाळून टाकाव्यात.

मग २००८ उजाडले. शनिवारी डबा उपडा केला, पांढरे एकशे बारा, पिवळे एकसष्ट. मंगळवारी मिझुरीही पांढऱ्याकडे गेली, पण जेमतेम, चार हजारही मतांचा फरक नाही. आणि देश सरळ उठून पिवळ्याकडे गेला. मी तिरपी खाच मारत होतो तेव्हा रॉइस दारात उभा राहून म्हणाला, “काय रे एमेट, डबा गंजला की तू?” २०१२ ला पुन्हा तेच. मी ताटल्या धुवून ठेवल्या आणि पुढच्या वर्षी दुकान बंद केले. टीव्हीवाले त्याआधीच यायचे बंद झाले होते. मते मागणारेही आता मिझुरीवरून विमानाने जातात, खाली उतरत नाहीत. जिची खात्री झाली तिची कोण मनधरणी करतो? शंभर वर्षे देशाचा हात धरून चाललेल्या या राज्याने माझ्या हयातीत तो सोडला. २०१६ ला एकदा जुळले, २०२० ला पुन्हा फाटले. मला फसवले असे वाटायचे आणि ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. खरे कोणी फसवले हे तेव्हा मला माहीत नव्हते.

कलम चौथे, माझी मेव्हणी ओपल स्ट्राउड हिच्याविषयी. ओपल इडेलाची धाकटी बहीण, वय एक्याऐंशी, गावच्या शाळेत चौतीस वर्षे मास्तरीण होती आणि अजून कोणाशीही त्याच आवाजात बोलते. गेल्या नोव्हेंबरात, मतदानानंतरच्या रविवारी दुपारी, ती पर्सिमनच्या फळांचे पुडिंग घेऊन आली. साथीचे दिवस, म्हणून ती ओसरीच्या त्या टोकाला बसली आणि मी या टोकाला. तिला कमी ऐकू येते. त्यामुळे जे प्लम ग्रोव्हमध्ये पिढ्यानपिढ्या कुजबुजत चालले होते ते मला ओरडून सांगण्यात आले.

मी म्हणालो, “मिझुरी बेइमान निघाली, ओपल. पुन्हा चुकली.”

“मिझुरीचं तू बघ. तुझा डबा मात्र इडेला गेली म्हणून चुकला.”

“तिचा काय संबंध?”

“बायकांचे दाणे मग कोण टाकणार?”

मी चमचा खाली ठेवला. ओपलने रुमालाने तोंड पुसले, मास्क परत वर चढवला आणि वर्गात धडा द्यावा तसे सांगितले. इडेला गुरुवारी स्वयंपाकघराच्या दारातून अंडी विकायची. बायका रिकामी खोकी परत आणायच्या. निवडणुकीच्या आठवड्यात प्रत्येक खोक्याच्या एका खळगीत मक्याचा एक दाणा असायचा, पांढरा नाहीतर पिवळा.

“तू जेवायला बसायचास,” ओपल म्हणाली, “आणि ती म्हणायची, जरा दुकान झाडून येते. आठवतंय?”

आठवत होते. मला वाटायचे, काय कामाची बाई आहे.

“बारा निवडणुका?”

“बारा. साठ सालापासून दोन हजार चारपर्यंत.”

“आणि त्यांच्या नवऱ्यांना ठाऊक होतं हे?”

“नवऱ्यांना सांगायचं असतं तर अंड्यांच्या खोक्यातून कशाला पाठवलं असतं?”

“मला तरी सांगायचं होतं तिनं.”

“विचारलं होतं तुला. लग्नाला वर्ष झालं होतं. बायकांनीही दाणा टाकला तर चालेल का, म्हणाली. काय उत्तर दिलंस?”

मी वजनकाट्याला तेल घालत होतो. वर न बघता म्हणालो होतो, आजोबांचा नियम आहे, आणि तुझा दाणा मी टाकतोच की. आजोबांनी नियम केला तेव्हा बायकांना मतच नव्हते. ते मिळून चाळीस वर्षे झाली होती, पण पाटी तीच राहिली. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून देतो. पण माणूस चुकला तर त्याला पुन्हा सांगावे. साठ साली एकदा विचारले आणि मग चव्वेचाळीस वर्षे झाडू मारत बसली, याला काय म्हणायचे?

ओपल एवढ्यावर थांबली नाही. “आणि हे इडेलाचं डोकं नव्हतं बरं का. तुझ्या आईपासूनचं आहे. इडेला नवी नवरी म्हणून आली तेव्हा अंडी न्यायला आलेल्या बायकांनीच तिला सांगितलं, थोरल्या बाई असताना आम्ही दाणे द्यायचो.”

ती गेल्यावर मी काठी घेऊन दुकानात गेलो आणि खांबावरून हात फिरवला. पहिली तिरपी खाच १९५६ ची. आई त्या साली मार्चमध्ये गेली. दुसरी तिरपी २००८ ची, इडेला आदल्या वर्षी गेली. घरात बाई होती तोवर डबा बरोबर होता. नुसत्या पुरुषांचे दाणे उरले की चुकला. आजीचे मी विचारले नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

तेव्हा हे स्पष्ट नोंदवून ठेवतो की मी फसवला गेलो आहे. आईने फसवले, बायकोने फसवले, आणि खाद्याची पोती मोजून घेताना माझ्याकडे बघून हसणाऱ्या गावातल्या प्रत्येक बाईने फसवले. ज्या खाचांच्या जिवावर मी ताठ मानेने जगलो त्या माझ्या नव्हत्याच. माझ्या म्हणाव्या अशा दोन, दोन्ही तिरप्या. तिने माझा मान राखला, माझ्या भल्यासाठी केले, असले कोणी मला सांगू नये. वेंडेलने फोनवर तेच सांगितले, “बाबा, आईनं तुम्हाला जिंकवलं की.” मी फोन ठेवला.

कलम पाचवे. तो खांब वेंडेलला मिळणार नाही. त्याच्या ओळखीच्या एका खानावळवाल्याला तो भिंतीवर लावायचा आहे. “लाकूडच आहे ते, बाबा,” असे तो म्हणाला होता. लाकूडच आहे तर त्याला दुसरे मिळेल. खांब, डबा आणि दोन्ही ताटल्या ओपलला द्याव्यात. तिने सरपण केले तरी माझी हरकत नाही. डब्यावरची पाटी शोधत बसू नये, ती मी फेब्रुवारीत पक्कडीने उचकटून काढली. खिळे गंजले होते, बोटाला लागले.

कलम सहावे, मला कुठे पुरायचे याविषयी.

नोव्हेंबरात मी ओपलला शेवटचे एक विचारले होते. इडेलाचा स्वतःचा दाणा कुठला असायचा? आमच्या घराचा पांढरा मी सगळ्यांसमोर टाकायचो. माझ्या पाठीमागे तीही पांढराच टाकायची की पिवळा टाकून मला पुसून काढायची, एवढे मला हवे होते.

“मलाही कधी सांगितलं नाही,” ओपल म्हणाली. “जायच्या आधी कागदात गुंडाळून एक दाणा माझ्याकडे दिला. म्हणाली, हा दोन हजार आठच्या निवडणुकीचा, मी काही असणार नाही. शवपेटी बंद करायच्या आधी मी तो तिच्या उजव्या मुठीत ठेवला.”

“रंग कोणता होता?”

“कागद उघडला नाही मी.”

“का नाही उघडला?”

“मत होतं ते, एमेट.”

त्यानंतर मी ते वाक्य खोडले. इडेलाशेजारी जायचे नाही, टेकडीवर वडिलांजवळ जायचे असे ठरवले. दोनदा जाऊन जागाही बघून आलो. वडिलांच्या डाव्या बाजूला रिकामी आहे, उजव्या बाजूला आई आहे. म्हणजे तिकडे गेलो तरी सुटका नाहीच.

दुसऱ्या खेपेला टेकडीवरून उतरताना इडेलाच्या दगडापाशी थांबलो. त्यावर माझेही नाव आधीच कोरलेले आहे, फक्त तारीख बाकी. मी तिला मोठ्याने विचारले, कोणता होता? थंडी होती, आसपास कोणी नव्हते. मग माझ्या लक्षात आले की पन्नास वर्षांत मी तिला हे एकदाही विचारले नव्हते. विचारले असते तर कदाचित तिने सांगितले असते.

सबब, खोडलेले वाक्य पुन्हा लिहितो. मला इडेलाशेजारी, तिच्या उजव्या हाताला पुरावे. माझा राग गेलेला नाही, तो माझ्याबरोबर जाऊ द्यावा. माझ्या डाव्या मुठीत एक दाणा ठेवावा. तो मी कागदात गुंडाळून ओपलकडे दिला आहे. दुकान होते तोवर मी काय टाकत आलो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण हा कोणता ते वेंडेलने विचारू नये, रॉइसने पैज लावू नये आणि ओपलने कागद उघडू नये. ती उघडणार नाही. आमच्या घराचे दाणे दोन धरावेत.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, आणि मतदानाच्या टेबलावर असतात तसे दोन्ही पक्षांचे एकेक साक्षीदार बोलावले. ओपलला साक्षीदार व्हायचे होते, पण जिला काही मिळते तिची साक्ष चालत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. ओपल रुसली आहे.

सही: एमेट लॉयड ग्रिग्स्बी

साक्षीदार: क्लीटा बर्डिक, डेमोक्रॅट
साक्षीदार: व्हर्जिल होलमन, रिपब्लिकन
(दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. व्हर्जिलने त्याची बायको अंडी कुठून आणायची असे मला विचारले. मी त्याच्या हातातले पेन परत घेतले.)

स्थळ: प्लम ग्रोव्ह, मिझुरी
दिनांक: १२ एप्रिल २०२१