निंबाची तुळई

२७ एप्रिल १९५८, रविवार

अखेर मिस्त्री आला! सकाळी सातलाच गफ्फार मिस्त्री दारात उभा — खांद्यावर करवत, गालात तंबाखूचा बार. अंगणात रचलेल्या निंबाच्या लाकडांवर वाकून त्यानं ठकठक केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "सुकलं, मास्तर. आता पीळ नाही घेत."

सव्वा वर्ष लागलं सुकायला. शुभदा तर सहा वर्षांपासून दारापुढं छपरी मागत होती. दोन खोल्यांचं घर, दार सरळ उन्हात उघडतं, उन्हाळ्यात उंबऱ्यावर पाय ठेववत नाही. "पुढल्या साली," म्हणायचो. दर साली म्हणायचो.

आता छपरी होऊन राहिली आहे आणि बायको अमरावतीला, भावाच्या घरी. अकरा महिने झाले.

छपरी झाली की बोलावीन. सावली पाहून तरी येईल.

२९ एप्रिल

खांबांचे चार खड्डे झाले. जमीन कसली, दगड नुसता! मिस्त्रीनं पहारीची दोन टोकं बोथट केली आणि मला दोन शिव्या ऐकाव्या लागल्या. त्या जमिनीला होत्या, पण बघत माझ्याकडे होता.

१ मे

बोरी अरबच्या पोस्टाची थैली मीच फोडतो, पोस्टमास्तर ना. गावात आज कोणाला पत्र नाही, हे सगळ्यांच्या आधी मला कळतं. आज मला पत्र नाही.

४ मे, रविवार

चारही खांब उभे राहिले. पायथ्याला डांबर फासलं. खांब उभे करताना मिस्त्री प्रत्येकाचा बुंधा कोणता, शेंडा कोणता ते बघत होता. झाडावर जसं उभं होतं तसंच लाकूड उभं करायचं म्हणे, उलटं करायचं नाही. मी म्हटलं, मेलेल्या झाडाला काय कळतं? म्हणाला, "त्याले नसन कळत. मले तं कळते ना."

नंतर खांबांवर टाकायच्या तुळईसाठी त्यानं सर्वांत जाड फांदी ओढून काढली. माती झटकली. थांबला. मला हाक मारली नाही, पण मी गेलो.

फांदीवर दोन खाचा होत्या. हातभर अंतरावर. बोट बसेल एवढ्या खोल, आतून अगदी गुळगुळीत.

शीलाचा झोका!

तीन वर्षं बांधलेला होता. आमची पोर सकाळी दूध पिण्याआधी झोक्यावर, शाळा-शाळा खेळायची तर झोक्यावर, रुसली तरी तिथंच जाऊन बसायची. दोर फांदीला घासून घासून करकरायचा. शुभदा आतून ओरडायची, "हळू गं! फांदी कापून निघंल!" येत्या श्रावणात सहा पूर्ण झाली असती.

मिस्त्रीनं फांदीवर गोणपाट टाकलं आणि म्हणाला, "आज राहू द्या." करवत घेऊन घरी गेला. सूर्य अजून वर होता.

६ मे

लिहायचं टाळतोय. पण वहीशी कशाला लपवाछपवी?

निंब मी पाडला. पौषात, गेल्याच्या गेल्या साली. शुभदा म्हणत होती, "झाड राहू द्या हो, छपरीसाठी सागाचं लाकूड आणा." मी म्हणालो, दारात लाकूड उभं असताना विकत कशाला? मोठा शहाणा! मिस्त्रीनं बजावलं होतं, ओलं लाकूड वापरू नका, एक उन्हाळा सुकू द्या.

दिला सुकू. त्या एका उन्हाळ्यात दारात ना झाड होतं, ना छपरी.

८ मे

कार्ड आलं! थैलीतून काढताना अक्षर ओळखलं आणि हातातला शिक्का टेबलावरच उमटला.

एकच ओळ. 'निंबाच्या लाकडाचं काय केलं? — शुभदा.'

ना कसे आहात, ना काही.

दिवसभर तेच वाचलं. काय केलं, म्हणजे? टोमणाच आहे. दुसरं काय असणार? झाड तोडलं, पोर घालवली, आता लाकडाचा हिशेब द्या. बरोबर आहे तिचं. विचारणारच.

९ मे

ठरवलं. तिच्या नजरेला त्या खाचा पडू द्यायच्या नाहीत. येईल, मान वर करील, आणि पहिल्या त्याच दिसल्या तर? माझं सोडा, ती कशी सोसेल?

मिस्त्रीला सांगितलं, "तुळई रंधा मारून साफ कर. खाचेचं नाव राहायला नको."

त्यानं तुळईवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कायले, मास्तर? लाकडाच्या जोराले काही धक्का नाही लागत."

"जोरासाठी नाही सांगत मी!"

फार जोरात बोललो. म्हातारा माणूस. मान खाली घालून म्हणाला, "बरं."

१० मे

पोस्टातून परतलो तर तुळई चढलेली. खालून पाहिलं, सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं. तुळतुळीत. कुठं काही नाही. रंध्याचे ढलपे अंगणभर पसरलेले. सुग्राबी — मिस्त्रीची बायको — चुलीसाठी ते पदरात भरत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. एरवी "काय मास्तर, जेवले का?" असतंच.

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१४ मे

वासे ठोकून झाले. उतार किती ठेवायचा यावर माझा आणि मिस्त्रीचा वाद. तो जिंकला.

१७ मे

वाशांवर मातीचे कवेलू चढले. छपरी झाली. दुपारी खाट टाकून खाली बसलो. सावली पडली होती — काय सावली! थंडगार. उठून आत आलो. बसवेना.

१९ मे

आज वर्ष झालं.

मी पोस्टात होतो. शुभदा कपडे धुऊन जरा आडवी झाली, डोळा लागला. शीला बाहुली घेऊन अंगणात गेली आणि निंबाच्या उरलेल्या बुंध्यावर भर उन्हात बसली. झोक्याची जागा तीच ना. सवय. किती वेळ बसली कोण जाणे. मी आलो तेव्हा अंग भट्टीसारखं. कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, दवाखान्यात नेलं. उजाडता उजाडता गेली.

आणि मी काय बोललो? शेजारपाजार जमलेला असताना, पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला म्हणालो, "तू झोपली होतीस!"

झाड कोणी तोडलं ते नाही म्हणालो.

पंधरा दिवसांनी तिचा भाऊ न्यायला आला. जाताना तिनं देवाजवळ दिवा लावला, कपाळाला कुंकू लावलं, सगळं रीतीनं केलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

'तू झोपली होतीस' हे वाक्य मी परत घेतलेलं नाही. कार्डं लिहिली, मनीऑर्डरी केल्या. ते वाक्य तिथंच आहे.

२० मे

कार्ड टाकलं. 'लाकूड छपरीला लावलं. छपरी झाली. सावली चांगली पडते. ये.' माफीची ओळ लिहायला घेतली होती. कार्ड उघडं असतं, वाटेत दहा जण वाचतात. नाही लिहिली.

१ जून, रविवार

शुभदा आली होती.

होती! साडेबाराच्या दारव्ह्याच्या मोटरनं उतरली, एकटी, हातात लहानशी पिशवी. वाळली आहे. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, दिली नाही.

छपरीत आली. चपला काढल्या. खांब पाहिले नाहीत, कवेलू पाहिले नाहीत. मान वर करून तुळईच पाहू लागली. मग खाट ओढली, तिच्यावर चढली आणि तुळईवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. खाट सरकवली, परत फिरवला.

"तीच फांदी न ही?"

"हो."

"मग खाचा कुठं आहेत?"

मी — मला सांगायची लाज वाटते — मी मोठ्या समाधानानं म्हणालो, "काढून टाकल्या. रंधायला लावल्या. तुला त्रास नको म्हणून."

खाटेवरून उतरली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं!

"मी त्याच्यासाठीच आली होती," म्हणाली. "तेवढंच राह्यलं होतं तिच्या हातचं. काहून काढलं हो?"

पाणी दिलं, प्यायली. मग बाहेर जाऊन बुंध्यावर बसली. साडेचारच्या मोटरची वाट पाहत. जूनचं ऊन! मी छपरीतून म्हणत राहिलो, सावलीत ये, शुभदा, सावलीत ये. पदर डोक्यावर ओढून तिथंच बसून राहिली. मोटर आली, ती बसून गेली.

मी सहा वर्षं छपरी दिली नाही. आता दिली, तर तिला नको.

२ जून

थैली फोडली. शिक्के मारले.

३ जून

मिस्त्री दोन दिवस दारव्ह्याला कामावर होता. आज परतला, सुग्राबीकडून सगळं ऐकलं, आणि तडक पोस्टात आला. काउंटरच्या आतच शिरला! मी म्हटलं, इथं यायची मनाई आहे. म्हणाला, "मास्तर, मले काय शिक्षा द्याची ते द्या. म्या तुमचं ऐकलं नाही."

"काय ऐकलं नाही?"

"खालून साफ केली, बाजूनं साफ केली. वरच्या अंगाले रंधा लावलाच नाही. झाडावर जशी होती तशीच चढवली, पाठ वर. सुग्रानं शपथ घातली होती मले. म्हने, पोरीची माय कधी ना कधी हे पाहायले येईन, तवा काय दाखवसान तिले?"

पोस्ट बंद केलं. दुपारी तीन वाजता! बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

शिडी लावून वर चढलो. तुळईवरचे कवेलू एक एक काढून खाली मिस्त्रीच्या हातात दिले, मग बांबूच्या कामट्या सोडवल्या. हात घातला.

आहेत! दोन्ही आहेत. एकीत बोट ठेवलं, आणि वरच बसलो. मिस्त्री खालून विचारतोय, "सापडल्या न, मास्तर? सापडल्या न?"

४ जून

मिस्त्री कवेलू परत लावायला आला. लावू दिले नाहीत.

कार्ड लिहिलं. पाकीट नाही, कार्डच. 'दोन्ही खाचा आहेत. गफ्फार मिस्त्रीनं माझं ऐकलं नाही म्हणून वाचल्या. शीला गेली ती तू झोपली होतीस म्हणून नाही. झाड मी तोडलं. पाच माणसांत तुला बोललो, ते खोटं होतं.' इथून अमरावतीपर्यंत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. शिक्का स्वतः मारला, तारीख नीट उमटली का ते पाहिलं.

९ जून

पत्र नाही. छपराला भोक तसंच. लोक विचारतात, मास्तर, काम अर्धंच का ठेवलं?

१२ जून

शुभदा आली. पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि शिडी चढली. छपरातून डोकं वर गेलं. मला खालून फक्त तिचे पाय दिसत होते. दोन्ही हात दोन खाचांत घातले असावेत, धरायला हात उरला नाही, म्हणून शिडी मी धरली. साडेचारची मोटर भोंगा वाजवून गेली. ती शिडीवरून उतरली नाही. मी शिडी धरून उभा होतो.