पाटावरची पक्कड

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

चि. नंदीश,

वहिनीचे भरभरून आशीर्वाद. पनवेलला पोचल्याचा फोन केलास, खोली मिळाल्याचा केलास, पण जेवणाचं काय करतोस ते अजून सांगितलं नाहीस, म्हणजे नक्की वडापाववर दिवस काढतोयस. आम्ही इकडे ठीक. माझ्या सासूबाई, म्हणजे तुझ्या अव्वा, अक्कलकोटला मावशीकडे गेल्यात. गुडघा दुखतोय, पण जिभेला काही झालेलं नाही. माझ्याकडे सध्या एका बँडपथकाचे लाल कोट शिवायला आलेत. घरभर सोनेरी झालरीचे धागे झालेत आणि तुझा दादा ते अंगावर घेऊन ड्यूटीला जातो.

पत्र बघून हसशील. फोन असताना वहिनी पत्र कशाला लिहितेय? फोनवर काही गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत. मेसेज करावा तर आमच्या घरात कोणाचाही मोबाईल कोणीही उचलतो. माझ्या लग्नात तू सातवीत होतास, तुला भाऊजी म्हणायची सवय मला लागलीच नाही, त्यामुळे धाकट्या भावाला लिहावं तसं लिहितेय. निवांत वाच.

तू दादाला त्या तीन मल्टिटूलचे, म्हणजे त्यांच्या पक्कडीसारख्या घडीच्या हत्यारांचे, फोटो पाठवून वीस दिवस झाले. यातलं कोणतं घेऊ म्हणून विचारलंस आणि उत्तर आलं नाही. परवा मला म्हणालास, "वहिनी, मी फायरमन झालो ते दादाला आवडलं न्हाय का?" तसं काही नाही रे. ते कामात आहेत. तोवर मी सांगते. हसू नकोस. चौदा वर्षं तो माणूस फायर ब्रिगेडमध्ये नोकरी करतोय आणि त्यातली दहा वर्षं त्यांच्या पँटचे खिसे मी शिवतेय. त्या खिशात काय असतं ते मला पाठ आहे.

पहिल्या फोटोतलं सोडून दे. एकवीस हत्यारं आहेत म्हणतोस. बाटलीचं बूच काढायचं हत्यार तुला आगीत कशाला लागणार? जितकी पाती जास्त, तितकी ऐन वेळी नको ती उघडतात. दुसरं दिसायला छान आहे, पण त्याची पाती नखाने उचलावी लागतात. तुमचे ते जाड हातमोजे घालून नखं कुठून आणणार? मी मागे दादाचे मोजे घालून त्यांची पक्कड उघडून बघितली होती. एका हाताने, मोज्यासकट, न बघता उघडली तरच ती कामाची.

तिसरं घे, केशरी रंगाचं. धुरात, चिखलात पडलं तर दिसेल. त्याच्या शेपटाला गाडीतला सीटबेल्टचा पट्टा कापायचा आकडा आहे आणि तो न उघडता चालतो. पातं आतल्या बाजूला असल्यामुळे आत अडकलेल्या माणसाला लागत नाही. काच फोडायचं टोकही आहे. त्याने बाजूची काच कोपऱ्यात टोचायची. समोरच्या काचेवर वेळ घालवू नकोस, तिच्या पोटात पडदा असतो, ती तडकते पण पडत नाही. हे दादांनीच मला सांगितलंय.

पट्ट्याचं मात्र मी स्वतः करून बघितलंय. भंगारवाल्याकडून गाडीच्या पट्ट्याचा तुकडा आणला, एक टोक मशीनच्या पायाला बांधलं आणि कापून बघितला. सैल पट्टा आकड्यात गोळा होतो, सैल कापड कात्रीत होतं तसाच. ताणून धरायचा आणि थोडा तिरका ओढायचा, की एका झटक्यात सुटतो. आणून झाल्यावर तूही दहा वेळा कापून बघ. मग ते पातं बदल, कारण कापून कापून बोथट होतं.

आणि त्याला एकच खिसा ठरव. मी उजव्या मांडीवर जाड शिवणीचा करून पाठवते. तुझी पक्कड कपाटात ठेवायची नाही, मित्राला द्यायची नाही, घरात कोणाच्या हाती द्यायची नाही. उद्या लग्न झालं तर बायकोच्याही नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हळद-कुंकू लावायचं असेल तर खिशातून काढ, लाव, आणि तिथल्या तिथे परत खिशात टाक.

एवढं लिहून दोन कोटांच्या बाह्या लावून आले. पुढचं लिहायचं टाळत होते.

दादा कामात आहेत असं मी वर लिहिलं, ते खोटं आहे. त्यांनी तू पाठवलेले फोटो त्याच दिवशी बघितले. खूप वेळ बघत बसले. मी म्हटलं, सांगा की त्याला, पोरगं वाट बघत असेल. तर म्हणाले, "ज्याला स्वतःचं सामान कुटं ठेवलं ते आठवत न्हाय, त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?" आणि फोन पालथा ठेवला.

सिदूच्या अपघाताचं तुला अर्धंच माहीत आहे. खंडेनवमीला सकाळी सव्वाआठच्या सुमारास विजापूर रस्त्यावर, शहर संपतं तिथेच, झेंडूने भरलेली पिकअप उलटली. मंद्रूपचा सिदू चालवत होता, तेवीस वर्षांचा. पट्ट्यात उलटा लटकला होता आणि इंजिनातून धूर येत होता. बाकीचे नळी जोडत होते तोवर दादा काचेतून आत शिरले. त्याच्या वजनाने पट्ट्याचं बक्कल आवळलेलं, निघेना. दादांनी सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा. ते सरपटत बाहेर आले, गाडीतलं मोठं कटर घेतलं, परत आत गेले. जायला यायला मिनिट-दीड मिनिट लागलं असेल. तेवढ्यात समोरच्या पॅनेलखाली पेटलं. सिदू वाचला, पण दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. कातडी लावायचं दुसरं ऑपरेशन परवा झालं. पुन्हा नीट चालेल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

दादा दर रविवारी त्याला बघायला जातात. त्याची आई, निंगव्वा, त्यांच्या पाया पडायला वाकते. म्हणते, "साहेब, तुमी व्हता म्हणून माझं लेकरू हाय." रविवारी ते घरी येऊन जेवत नाहीत.

आता त्यांचं असं झालंय की गॅस बंद केला का ते चारदा बघतात. कुलूप लावून जिन्यावरून परत येतात. काय काय न्यायचं ते तळहातावर पेनाने लिहितात. मागच्या आठवड्यात मला म्हणाले, "दानू, माझं डोकं कामातनं गेलंय का गं? कपाटात ठेवलेली मला आठवत न्हाय. पण तू म्हणतीस म्हणजे ठेवली असणार. मग गेली कुटं?" मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही.

त्यांनी अर्ज दिलाय. आग आणि अपघातावर जायचं बंद, कंट्रोल रूमला फोन घ्यायला बसतो म्हणून. साहेबांनी सोमवारपर्यंत विचार करा म्हणून थांबवून ठेवलाय. तू ज्या दादाकडे बघून या नोकरीत गेलास, तो सोमवारी खुर्चीवर बसेल आणि आयुष्यभर समजत राहील की त्याच्या विसरभोळेपणाने एका पोराचे पाय गेले.

नंदीश, ते विसरले नव्हते. पक्कड माझ्याकडे होती.

खंडेनवमीला आपल्या घरात काय मांडतात ते तुला माहीत आहे. पाटावर माझी कात्री, मशीनची सुई, अव्वांची विळी, दादांची पक्कड. दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही, हा अव्वांचा दंडक. गेल्या वर्षी दादांनी ड्यूटीला जाताना पाटावरून पक्कड उचलली आणि त्याच दिवशी पडून खांदा निखळवून घेतला. माझ्या डोक्यात तेच बसलं. म्हणून या वर्षी त्यांच्या आंघोळीच्या वेळी पँटच्या खिशातून पक्कड काढली, हळद-कुंकू लावलं आणि नारळाखालच्या वस्त्राआड ठेवली. वर फुलं टाकली.

निघताना त्यांनी विचारलं, "माझी पक्कड कुटं गेली गं? खिशात न्हाय की." आणि मी म्हटलं, "काल स्टेशनच्या कपाटात ठेवली म्हणाला होतात की तुम्ही."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. मी तिथल्या तिथे रचलं. त्यांनी क्षणभर आठवून बघितलं आणि मान हलवली, कारण स्वतःपेक्षा माझ्या आठवणीवर त्यांचा विश्वास जास्त. स्टेशनवर पोचले तर तिथे गाड्यांना हार घालणं चाललं होतं. कपाट उघडायच्या आधीच घंटा वाजली. तिथलीही पूजाच रे, पण गाडी गळ्यातल्या हारासकट निघाली. पूजेसाठी हत्यार थांबवून ठेवलं ते फक्त मी.

संध्याकाळी ते आले तेव्हा बुटांच्या शिवणीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या होत्या. मला तेव्हाच बोलता आलं असतं. पण त्यांचा चेहरा बघून घाबरले. उद्या सांगू म्हटलं. मग त्यांनी सगळं घर धुंडाळलं आणि त्यांच्याबरोबर मीही पलंगाखाली वाकून शोधायचं नाटक केलं. त्यानंतर तर सांगायला तोंडच राहिलं नाही. पक्कड तेव्हापासून माझ्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागे फडक्यात आहे. त्यावरचं कुंकू मी अजून पुसलेलं नाही. दीड महिना मी या माणसाला वेडा ठरू देतेय आणि रोज त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढतेय. मला माझीच किळस येते.

सिदूच्या पायांचं काय करू ते मला कळत नाही. ते मला भरून देता येणार नाही. निंगव्वापुढेही मला एकदा जावं लागेल. पण सोमवारच्या आधी जे करता येईल ते करायचं ठरवलंय. तोंडाने सांगायला गेले की जीभ अडखळते, म्हणून तुला लिहिता लिहिता सगळं कागदावर आणलं.

ते आता खाली चहाची पूड आणायला गेलेत. आले की हा कागद आणि ती पक्कड त्यांच्यासमोर ठेवणार आहे. शेजारी रिकामं पाकीट आणि तिकीट. पाकिटावर मी काही लिहिणार नाही, तुझा पत्ता त्यांना पाठ आहे. वाचून ते कागद फाडतील, मला माहेरी जा म्हणतील, नाहीतर नुसते बसून राहतील. त्यातलं काहीही मला चालेल. पण हे पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर पाकिटावरचं अक्षर बघ, ते दादांचं असेल, आणि मग त्यांना लगेच फोन कर.

जिन्यात पावलं वाजतायत.

तुझी अपराधी वहिनी,
दानेश्वरी