परातीतलं एक अक्षर

आत्या, आज खंडेनवमी. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पूजा झाली, मुलींनी पेढे वाटले, आणि मला दिवसभर कडा गावातलं आपलं एसटीडी बूथचं दुकान आठवत राहिलं.

शाळेत जायच्या आधी तूच माझी शाळा होतीस. भाकरी थापण्याआधी परातीत ज्वारीचं पीठ पसरायचीस आणि माझं बोट धरून त्यात अक्षरं काढून घ्यायचीस. एखादी वेलांटी चुकली की मी घाबरून दोन्ही हातांनी सगळी परात सारखी करून टाकायची. तू मनगट धरायचीस. "समदं कावून पुसायलीस? चुकलंय तेवढंच पूस." माझा स्वभाव तेव्हापासूनचाच. एक चूक दिसली की सगळंच चुकलंय असं वाटतं.

पुढं मी दुकानात बसायला लागले, आणि एका वर्षी कॉम्प्युटर सुधारून घ्या म्हणून मीच अप्पांच्या मागे लागले. एसटीडी बूथमधला कॉम्प्युटर जुना झाला होता. मेमरी वाढवून घेतली, नवा मॉडेम बसवला, नवी सिस्टीम टाकली. नगरहून माणूस येऊन सगळं जोडून गेला आणि दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी आली. तू ताट घेऊन दुकानात उभी. कशाकशाची पूजा करायची म्हणून विचारलंस, आणि मी मोठ्या शहाणपणानं भिंतीवरची फोनची डबी दाखवून म्हणाले, "आत्या, इंटरनेट समदं हिच्यातून येतं." तू म्हणालीस, "मग पयला मान तिचाच."

त्यानंतर नेट जे मंदावलं ते मंदावलंच. आधी यायचं त्याहूनही हळू. पान वरून खाली ओळीओळीनं उतरायचं, मध्येच लाईन तुटायची. साखर कारखान्यातले एक काका पुण्याच्या मुलाची मेल बघायला यायचे. ते म्हणाले, "बाई, तुझं पान उघडंस्तोवर मी पान खाऊन येतो." सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. "दिवाळीपर्यंत सुधरलं तर ठीक, न्हाईतर समदं नगरला वापस," ते म्हणाले. मशीन गेलं की मीही दुकानातून घरात जाणार, हे कुणी बोललं नाही, पण आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी काय करत होते? सगळी डिस्क पुसून सिस्टीम पुन्हा टाकत होते. आणि पुन्हा. एका दुपारी तू चहा घेऊन आलीस, माझ्या तोंडाकडे बघितलंस.

"काय करायलीस?"

"पुसून नव्यानं टाकते समदं."

"लई मोठी झालीस, पर परात पुसायची सवय गेली न्हाई तुझी."

एवढं बोलून तू कप ठेवून गेलीस. मी सिस्टीमची सीडी बाहेर काढून ठेवली. मग एकेकच बदलायचं ठरवलं. जुना मॉडेम परत लावला, बाकी कशाला हात लावला नाही. नेट तसंच मंद. नवी मेमरी काढून पाहिली. तसंच. म्हणजे बिघाड मशीनमध्ये नव्हताच. कॉम्प्युटरची लाईन वेगळी होती, तिला फोन कधी जोडलेलाच नव्हता. बूथमधला फोन आणून जोडला आणि कानाला लावला, तर आत कढईत भजी तळावीत तशी चरचर. भिंतीवरची डबी उघडली. आत ओलं हळद-कुंकू झिरपून वाळलं होतं आणि तारांच्या स्क्रूवर हिरवट बुरशीसारखं काही चढलं होतं.

तुला बोलावलं. तू वाकून पाहिलंस, पदर तोंडाला लावलास आणि मग अशी हसलीस की बूथमधला माणूस बाहेर डोकावला. "अगं बया, मीच की गं!"

डबी पुसली, स्क्रू घासून घट्ट केले, काढलेलं सगळं परत बसवलं. पान झरकन उघडलं. लाईन खराब होती एवढंच अप्पांना सांगायचं मी मनात ठरवत होते. ते खोटंही नव्हतं. पण जेवायला बसल्यावर तूच अप्पांना, तुझ्या धाकट्या भावाला, सुनावलंस, "अरे, मशीन चांगलं हाय. डबी मी भिजवली, अन् शोधलं पोरीनं. तिला उठवू नको तिथून." भाकरी मोडत अप्पा म्हणाले, "निवद तरी दाखवायचा होतास अक्का, अजून जोरात पळालं असतं."

तुझ्या 'चुकलंय तेवढंच पूस' ह्या एका वाक्यावर मी आजवर कमावून खाते आहे, आत्या. इथं लॅबमध्ये काही बिघडलं की मुली म्हणतात, फॉरमॅट मारू या मॅडम. मी म्हणते, थांबा, आधी एकच बदला. हे मी कुठं शिकले ते त्यांना सांगितलेलं नाही. परातीची गोष्ट काढली की तू आठवतेस, आणि मला वर्गात रडायचं नसतं.

आज राउटरला कुंकू मीच लावलं. कोरडं, वरच्या झाकणावर, बोटाच्या टोकानं. मुली पेढे घेऊन गेल्यावर स्पीडही तपासला. रागावू नकोस.

हा कागद तुझ्या परातीखाली ठेवणार आहे. तू गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. वाचणारं कुणी नाही, तरी एक शब्द चुकला म्हणून पहिला अख्खा कागद मी फाडला. ह्या कागदावरही एक चुकलाय. तो तेवढाच खोडला आहे.