अण्णांच्या सहीचा भाव

॥ श्री ॥

धार, भाद्रपद शुद्ध १०, शके १८२८

तीर्थरूप दादांच्या सेवेशी,

कुसुमावतीचा सा. नमस्कार. येथे सर्व मंडळी बरी आहेत. गौरी परवा बोळवल्या. माईचा खोकला उतरला आहे. पाऊस बेताचाच, पण तिरल्याकडचा मका चांगला आहे म्हणतात. इकडच्या स्वारीची बदली राजगढच्या शाळेवर झाली हे मागे कळवलेच होते. बिऱ्हाडाला जागा मिळाली आहे, सर्वपित्री झाली की मला न्यायला येणे होईल. तोवर मी अण्णांजवळ आहे. वहिनींनी पाठवलेली वेणी गौरींना घातली, त्यांना माझा नमस्कार सांगावा.

आपले पत्र पोचले. आत घडी घालून ठेवलेला कागदही पोचला. त्याविषयी पुढे लिहिते.

आधी पगाराविषयी. गणपतरावांच्या औषधी कारखान्यात कोणाला काय मिळते ते आपण इतके खुलासेवार कळवलेत हे बरे केलेत. माझी इतके दिवस भलतीच समजूत होती. मला वाटे, जाहिरात लिहिणाऱ्याला लिहिण्याचे पैसे मिळतात.

काढा उकळणारा चुकला तर माणूस मरेल, त्याला सात रुपये. आपल्याला वीस, आणि तेही इंग्रजी शिक्क्याचे कलदार. आपल्या जोडीचा जाहिरातवाला चिंतामणी, त्याला आपल्या दुप्पट. तो आपल्याहून बरे लिहितो म्हणावे, तर त्याला दोन वाक्ये धड जोडता येत नाहीत असे आपणच लिहिता. पण त्याला इंग्रजी येते, अंगावर परीटघडीचा अंगरखा असतो, महूच्या छावणीत साहेबापुढे उभा राहून बोलू शकतो, आणि त्याचे सासरे देवासच्या धाकट्या पातीत मोठ्या जागेवर आहेत. हे सारे धरून चाळीस. सासऱ्यांचे किती आणि अंगरख्याचे किती, हे गणपतरावांनी वेगळे काढून दाखवले तर आमच्यासारख्यांना हिशेब शिकायला बरे पडेल. इकडच्या स्वारीला गावची पोरे शिकवून तेरा रुपये मिळतात. त्यांचे सासरे वैद्य निघाले, हा त्यांच्या नशिबाचा दोष.

देवासात राज्ये दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. म्हणून गणपतरावांनी जाहिरातवालेही दोन ठेवले, एकेका पातीच्या बैठकांत जाऊन बसायला एकेक. भाट निदान आपल्या राजाचे गुण गातो. तुम्ही दोघे मिळून एका काढ्याचे गाता.

माझी चैत्रातली चूक आपण या पत्रातही काढली आहे. पत्रकावरची आश्रयदात्यांची नावे मी वर्णानुक्रमाने लावली, कारण अण्णांनी मला यादी करायची ती एकच रीत शिकवली आहे. त्यामुळे दोन्ही पात्यांची नावे एकात एक मिसळली, पत्रक रस्त्याच्या कोणत्याच अंगाला वाटता येईना, आणि गणपतरावांनी आपली वाढ थांबवली. अशी यादी गोत्र आणि पाती पाहून करतात हे मला धारेत बसून कसे कळावे? पण वाढ थांबली ती माझ्यामुळे, हे मला लागले होते. त्यानंतर चार महिने मी आपल्याला जे जे मागाल ते लिहून पाठवले. गुडघेदुखीच्या ओव्या त्यातल्याच.

त्या ओव्यांचे काय झाले ते सांगते. शेजारच्या इंदिराबाई आपल्या ओळखीच्या आहेतच. त्या गेल्या सोमवारी गुडघ्याला हात लावत लावत आल्या आणि आमच्या ओटीवर बसून गाऊ लागल्या,

गुडघा बोले कमरेला, बाई जिना चढवेना
संजीवन घेता सये, पाय भुईला टेकेना

मी चुलीपाशी होते. हातातली पळी तशीच राहिली.

माईने विचारले, "गुण आला का हो?"

"अजून कुठला? तिसरी बाटली चालू आहे. चौथीला येईल."

"कशावरून?"

"ओवीत खोटं कोण लिहील, माई? आणि लिहिणारी बाईच आहे हो. पुरुषाला जिन्याचं दुःख काय कळणार? माझ्या गुडघ्यात शिरून लिहिलंय मेलीनं."

माई हसली. अण्णा आतून म्हणाले, "इंदिराबाई, एरंडेल लावा नि शेक घ्या. फुकट आहे."

"अहो भिया, फुकटचं तुम्ही वीस वर्षं देताय," त्या म्हणाल्या. "त्यानं गेला का गुडघा?"

ती ओवी माझीच, हे मी सांगितले नाही. चौथ्या बाटलीचे पैसे कुठून आणणार हेही मी त्यांना विचारले नाही. दादा, ही ओवी लिहून झाल्यावर मी स्वतःशी वाचून खूष झाले होते. आपल्याला नावे ठेवताना हे लपवणे बरे नाही, म्हणून लिहिते. मला त्याबद्दल नागपंचमीला चोळीचा खण मिळाला होता. तो आता मी वापरणार नाही, माईने विचारले तर काय सांगावे ते ठरलेले नाही.

आता दूध तापवायचे आहे. बाकीचे उद्या लिहिते.

शुद्ध १२

काल लिहिणे झाले नाही. खरे सांगायचे तर काल वेळ होता.

आपल्या कागदाविषयी. "मी, धार येथे चाळीस वर्षे वैद्यकी करणारा, असे लिहून देतो की संधिसंजीवन हे औषध मी शेकडो रोग्यांवर अनुभवले असून, त्याचा गुण पाहून माझे स्वतःचे काढे देणे मी बंद केले आहे." अक्षर आपले सुरेख आहे. खाली सहीपुरती जागा सोडली आहे. आपण लिहिता की सही अण्णांचीच हवी आणि मोडीतच हवी, कारण धारेपासून गंधवानीपर्यंत घरोघर अण्णांच्या चिठ्ठ्या आहेत, लोक ती सही ओळखतात, आणि गणपतराव तिचा ठसा करवून प्रत्येक बाटलीवर छापणार. सही आणली तर विसाचे पस्तीस. वकिलाची सही आणली असती तर दोन वाढले असते, सरदाराची आणली असती तर पाच. म्हणजे आपल्या घरात सरदाराच्या तिप्पट माल पडून होता, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पुढचे आपण लिहिले आहे ते मी आपल्याच शब्दांत देते, म्हणजे विसरल्याचे निमित्त होणार नाही. "अण्णांस वाचून दाखवू नये. दुपारी जेवण झाल्यावर घरपट्टीचा कागद म्हणून पुढे ठेवावा. बोट जागेवर टेकवलेस की ते सही करतात."

करतातच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून मी त्यांचे बोट धरते, कागदावर टेकवते, आणि ते सही करतात. काय लिहिले आहे ते एकदाही विचारत नाहीत. आपल्याला हे माहीत आहे कारण मीच मागे कौतुकाने लिहिले होते. ज्या गोष्टीचे मला कौतुक वाटले तिचा आपल्याला उपयोग सुचला. गणपतराव आपल्याला वीस देतात ते थोडेच आहेत.

अण्णांनी मला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवले तेव्हा सांगितले होते की दुसऱ्याला वाचून दाखवताना ओळ गाळू नये, ओळ गाळणारा चोर. म्हणून मी आपले पत्र त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. "अण्णांस वाचून दाखवू नये" हेही वाचले.

हे काल सकाळी झाले. मी इतके दिवस मनात योजून ठेवले होते की अण्णा संतापतील, आपल्याला घराची पायरी चढू नको म्हणतील, आणि मी मध्ये पडून आपली बाजू सांभाळीन. माझे शब्दसुद्धा ठरले होते.

अण्णा ऐकून घेऊन म्हणाले, "माझे काढे बंद केल्याचंही लिहिलंय?"

"हो."

"किती देतो म्हणालीस?"

"महिना पंधरा जास्त."

"मला एका काढ्याचे पंधरा आणे कोणी दिले नाहीत." ते थोडे हसले. मग म्हणाले, "बरा भाव आला. आण तो कागद."

मी म्हटले, "अण्णा, हे खोटं आहे."

"आहे ना. तू वाचलंस तेव्हाच कळलं."

"इंदिराबाईंच्या तीन बाटल्या झाल्या. उपाशी राहून चौथी घेतील."

"इंदिराबाई माझं कुठे ऐकतात? परवा माझ्या तोंडावर म्हणाल्या ना." मग आवाजाच्या रोखाने माझ्याकडे वळले. "कुसुम, मला दिसत नाही. जीभ दिसत नाही, डोळा दिसत नाही, नाडीवर किती दिवस चालवू? गेल्या महिन्यात या ओटीवर कोण रोगी आला सांग. या नावाचं आता मी काय करू, वाळत घालू? पोराला पंधरा रुपये मिळतात तर मिळू देत. त्याचा संसार आहे." आणि त्यांनी हात पुढे केला. "कुठे करू?"

दादा, मला आपला तिरस्कार वाटतो हे या पत्रावरून आपल्याला कळलेच असेल. गणपतरावांचा वाटतो, चिंतामणीच्या अंगरख्याचाही वाटतो. त्या वेळी मला अण्णांचाही वाटला. क्षणभरच, पण वाटला. ज्यांनी मला शिकवले तेच हात पुढे करून विचारत होते, कुठे करू. मी कागद आणला नसता तर त्यांनी माईला आणायला सांगितले असते, आणि माईला वाचता येत नसले तरी बोट टेकवता येते.

म्हणून मी कागद आणला. आपला नव्हे. आपण नमुन्यासाठी पाठवलेल्या पत्रकाची कोरी पाठ होती, ती त्यांच्यापुढे ठेवली, बोट धरून टेकवले, आणि त्यांनी सही केली. त्यांनी सावकाश, एकेक फाटा नीट ओढून केली. एरवी एवढ्या निगुतीने करत नाहीत. "बघ, बरी आली का? ठशावर छापायची आहे," म्हणाले. मी बरी आली म्हणाले. ती खरोखर फार सुंदर आली होती. मग मी ती बंबात घातली.

आपण मला जे करायला सांगितलेत तेच मी केले, फक्त उलट बाजूने. आंधळ्या माणसाच्या बोटाखाली एक कागद सांगून दुसरा सरकवला. ओळ गाळणारा चोर, मग मी कोण, हे अण्णांना विचारायची सोय मी ठेवलेली नाही. रात्री जेवण गेले नाही. माई म्हणते तोंड का उतरले आहे. सासरी जायचे म्हणून, असे सांगितले. म्हणजे आणखी एक खोटे झाले.

आपला कागद सोबत परत पाठवते आहे. सहीची जागा मोकळीच आहे. अण्णांची सही आपल्याला वळवता येते हे मला माहीत आहे, लहानपणी शाळेच्या चिठ्ठीवर आपण ती वळवली होती. ती तशी करायची असेल तर तो आपला प्रश्न. मी कोणाला सांगायला जाणार नाही, सांगून ऐकणारही कोण आहे? पण आपली वाढ झाली नाही तर ती अण्णांच्या नकारामुळे नव्हे, माझ्यामुळे, हे आपल्याला स्पष्ट कळावे. चैत्रातली वाढही माझ्यामुळेच थांबली होती. या वेळी मात्र चूक नाही.

अण्णा आज सकाळपासून तीनदा म्हणाले, आता भास्करचे पत्र येईल. पस्तिसाचा पगार झाला की पहिल्या महिन्यात माईला लुगडे घे असे आपल्याला कळवायला सांगितले आहे. ते कळवते. आपले जे पत्र येईल ते मीच वाचणार, आणि ओळ गाळणार नाही. काय लिहायचे ते विचार करून लिहा.

त्यापेक्षा असे करा. सर्वपित्रीच्या आत स्वतः या. देवास काही काशीला नाही, इंदूरवरून टांगा सहज मिळतो. अण्णांपुढे बसा. मी आपला कागद पुढे ठेवीन आणि अण्णांचा हात आपल्या हातात देईन. बोट आपण टेकवा. तेवढे आपल्याला जमले तर मी अडवणार नाही, आणि पस्तीस रुपये आपण कष्टाने मिळवलेत असे मानीन.

माईचा आशीर्वाद. अण्णांनीही आशीर्वाद लिहायला सांगितला आहे. तो मी लिहिलेला नाही, येऊन घ्यावा.

आपली धाकटी बहीण,
कुसुमावती